खवल्याचं कवच

भिंगरीला खुर्चीत नीट बसलेलं मी कधी पाहिलं नाही. एक पाय वर घेतलेला, दुसरा टेबलाखाली थडथडतोय, तोंडात पेनाचं टोपण. मध्येच उठायचा, खिडकीपर्यंत जायचा, काहीच न बघता परत यायचा. त्याचं खरं नाव ऑफिसात फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक आहे.

आम्ही व्हिडिओ गेम बनवतो. सध्याचा गेम किल्ल्याचा आहे. सैनिक कुठे उभे करायचे ते खेळणाऱ्याने ठरवायचं आणि चाल करून येणाऱ्या शत्रूंपासून किल्ला वाचवायचा. शत्रू भिंगरी घडवतो. कोण किती वेगाने चालेल, किती वार सोसेल, सगळं तोच ठरवतो. मी साहित्यात पदवी घेतली, म्हणून प्रत्येक शत्रूबद्दल दोन ओळी लिहिणं माझ्याकडे. ‘‘चिकटव तुझं वाङ्मय इथे,’’ तो म्हणतो.

खवल्या त्याचा लाडका. मुठीएवढा प्राणी, अंगभर खवल्यांचं चिलखत. बाण लागला की गोळा होतो. बाण टणकन उडतो. मग तो उलगडतो आणि पुन्हा चालू लागतो. घाई नाही, राग नाही. शेपटीपाशी तेवढा मऊ, म्हणून मागून वार केला तरच मरणार. वर्षभर भिंगरीला दुसरं काही सुचत नव्हतं. चाल जमेना तेव्हा तो ऑफिसच्या फरशीवर कोपरांवर रांगला. सफाईवाल्या मावशींनी त्याच्याभोवतीची फरशी पुसून घेतली आणि म्हणाल्या, ‘‘झालं की सांगा, खालची राहिलीय.’’

रोज सकाळी आल्या आल्या तो खवल्याशी एक डाव खेळायचा. जिंकला की कपाळाला आठी. ‘‘सोपा झालाय गं.’’ मग कवच थोडं जाड. दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव, पुन्हा आठी, पुन्हा कवच. खवल्या सोपा होत नव्हता. भिंगरीचा हात बसत होता. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आमचेही हात बसले होते.

आमच्याकडे एक नियम आहे. नवा शत्रू पक्का करण्याआधी त्याच्याशी बाहेरच्या माणसाने खेळायचं. घडवणाऱ्याने मागे उभं राहायचं, हात पाठीशी, तोंड बंद. खेळ चालू असताना तो किंवा आमच्यापैकी कुणीही बोललं, तर शत्रू गेममधून बाद. आमचे सर म्हणतात, ‘‘गिऱ्हाइकाच्या घरी समजवायला जाणार आहात का?’’ खेळणाऱ्याला मात्र हा नियम सांगत नाहीत. सांगितला की तो बिचकत खेळतो.

त्या दिवशी बोलावलेला माणूस आलाच नाही. भिंगरीने आपल्या थोरल्या बहिणीला, ताईला, फोन केला. ती जवळच राहते.

‘‘घरात पसारा पडलाय माझा. काय ते पटकन दाखव,’’ ती आल्या आल्या म्हणाली.

‘‘दाखवायचं नाही. तू खेळायचंस. मी मागे गप्प उभा राहणार.’’

‘‘तू? गप्प?’’ ताई माझ्याकडे वळली. ‘‘लहानपणी याचा फोटो काढायचा तर दोघांनी धरून ठेवायला लागायचं!’’

सर हसले. भिंगरी हसला नाही.

संगणक सुरू होईपर्यंत ती माझ्याशी बोलत राहिली. सोमवारपासून ती एका दवाखान्याच्या काउंटरवर कामाला लागणार होती. मुलं लहान होती तोवर घरीच होती. आता तिथे सगळी नोंद संगणकावर. ‘‘जमेल ना गं मला?’’ तिने हळूच विचारलं.

‘‘जमेल की,’’ मी म्हणाले. भिंगरी ऐकत होता.

सुरुवातीचे शत्रू तिने बघता बघता लोळवले. मग खवल्या आला. टण. टण. टण. किल्ला पडला.

‘‘हा कुठला किडा?’’ ताई म्हणाली. ‘‘थांब, याला बघते.’’

तिने सगळे तिरंदाज पुढे आणले. किल्ला पडला. भालेवाले आणले. पडला. तिने पदर खोचला आणि खुर्ची पुढे ओढली. भिंगरीची बोटं पाठीमागे एकमेकांत रुतली होती. मग ताईने एक घोडेस्वार लांबून वळवला आणि खवल्याच्या मागे आणला. वार नेमका शेपटीपाशी बसला.

टण.

त्या सकाळी पुन्हा कवच जाड करताना मऊ जागाही टणक झाली होती. खवल्या उलगडला आणि चालू लागला.

ताईने हात मांडीवर ठेवले. ‘‘गंजलंय डोकं माझं,’’ ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. ‘‘एवढासा किडा आवरत नाही मला, आणि मी चाललेय दवाखाना आवरायला. आत्ताच कळवून टाकते त्यांना. उगाच सोमवारी शोभा नको.’’ तिने पर्स उघडली, फोन काढला, चष्मा लावून नंबर शोधू लागली.

पडद्यावर खवल्या चालतच होता. सरांनी भिंगरीकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. डाव संपायला थोडाच वेळ होता. पण नंबर ताईला सापडला होता.

‘‘ताई, ठेव तो फोन,’’ भिंगरी म्हणाला.

सरांनी बोट खाली घेतलं.

‘‘तू बरोबर खेळलीस. मागूनच मारायचा असतो तो. कुणी न सांगता ओळखलंस तू. मरत नाही ही चूक माझी. तुझी नाही.’’

‘‘मला बरं वाटावं म्हणून बोलतोयस.’’

‘‘नाही गं. विचार यांना.’’

ताईने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. ‘‘खरंय बाई त्याचं.’’

तिने फोन पर्समध्ये टाकला. भिंगरीच्या पाठीत एक धपाटा घातला. ‘‘मग आधी सांगायला काय झालं होतं, मेल्या? रडकुंडीला आणलंस की मला!’’

किल्ला पडल्याची अक्षरं पडद्यावर आली. सरांनी माझ्याकडे वळून बोटाने हवेत एक आडवी रेघ ओढली. म्हणजे खवल्याच्या दोन ओळी काढ.

मी जागची हललेच नाही. वर्षभर ज्याच्यापायी हा माणूस सुखाने जेवला नाही, तो एका वाक्यात गेला होता. ते वाक्य तो थांबून, शोधून बोलला नव्हता.

ताई दारात वळली. ‘‘पण गोड आहे हं तुझा किडा. नीट कर त्याला. मुलांना घेऊन येते, मग बघू कोण जिंकतं.’’

‘‘ये,’’ भिंगरी म्हणाला. ‘‘करून ठेवतो.’’