लाल झाकण, पांढरं झाकण

औषधी वनस्पतींच्या लॅबमध्ये बाटल्या जितक्या साठतात, तितकेच किस्से. बाटल्यांना एक्सपायरी असते, एवढाच फरक. आमची लॅब नेरूळला. प्रमुख इनामदार मॅडम, उरणहून येणारी पीएचडीची फरीदा आणि पाला वाळवून दळणारा मी.

*

एक गृहस्थ मधुमेहावरची 'खानदानी जडीबुटी' घेऊन आले. हिरवट पूड. नाव काही सांगेनात, फॉर्म्युला चोरीला जाईल म्हणे! फरीदानं नुसता वास घेतला.

"मॅडम, यो तं कढीपत्ता हाय."

गृहस्थांनी पूड स्वतः हुंगून बघितली. मग म्हणाले, "तरीच बायको आमटीत घालायला मागते."

*

फरीदाच्या अर्कानं एकदा बशीतले सगळे जंतू मारले. तिनं लगेच पेढे वाटले. अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला, म्हणून मॅडमनी तिला तोच प्रयोग नुसत्या अल्कोहोलनं करायला लावला. त्यानंही सगळे जंतू मेले.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पेढा चांगलाय. रिझल्ट अल्कोहोलचा आहे."

*

आता तिची सगळी भिस्त गुडघेदुखीच्या निर्गुडी तेलावर. फेलोशिप संपत आलेली. हे फसलं तर पीएचडी गेली. जुईनगरच्या एका सोसायटीतल्या बायका ट्रायलला तयार झाल्या. निम्म्यांना लाल झाकणाची बाटली, निम्म्यांना पांढऱ्या झाकणाची. एकीत निर्गुडी, दुसरीत साधं तेल, वास सारखाच. कशात काय, ते फक्त मॅडमना ठाऊक.

महिन्यानं बघतो तर सगळ्यांना सारखाच आराम. फरीदाचा चेहरा पडला.

महिला मंडळाच्या सावंत काकू मात्र खुशीत. "आराम पडणारच. पहिल्याच दिवशी सगळं तेल एका पातेल्यात ओतलं आणि सारखं वाटून घेतलं. एकीला एक, दुसरीला दुसरं, बरं दिसतं का?"

मला हसू आवरेना आणि फरीदा रडायच्या बेतात. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पुन्हा करायचं. होईल."

*

या वेळी फरीदानं काकूंना नीट समजावलं. बाटली बदलायची नाही, वाटायची नाही, गुडघ्याला दुसरं काही लावायचं नाही. काकूंनी मग घरोघरी जाऊन दम भरला, "पोरीच्या डिग्रीचा प्रश्न आहे. कोणी आगाऊपणा केलात तर याद राखा."

महिना संपला. मॅडमनी सगळ्यांसमोर गुपित फोडलं. निर्गुडी लाल झाकणात होती, आणि आराम लालवाल्यांनाच पडला होता. फरीदानं मॅडमना मिठीच मारली. मला खात्री होतीच, तरी डोळे भरून आले.

काकूंच्या हातात पांढऱ्या झाकणाची रिकामी बाटली होती.

"काकू, तुम्हाला काहीच फरक नाही पडला?" फरीदानं विचारलं.

"छे. पहिल्या आठवड्यातच कळलं, हे साधं आहे. जिना उतरताना जीव जायचा."

"मग बाम तरी लावायचा!"

"अगं, तूच नको म्हणाली होतीस ना."