दगडापलीकडची नानीबाई

मी फैजपूरचा कुंभार, उखर्डू. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि हे नाव दिलं. यमानं नाक मुरडून पुढं जावं, एवढाच हेतू. तेव्हा नावानं काय होतं आणि काय नाही, हे मला कोणी शिकवू नये. तरी निंबझिरीच्या नानीबाईनं एका नावानं जे केलं, त्याचं मला आजही नवल वाटतं.

निंबझिरी म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं तीसेक झोपड्यांचं गाव. तिथं एकच दारूभट्टी, आणि ती कोणा एकाची नाही, बठ्ठ्या गावाची. चैतात मोहाची फुलं वेचली की घरटी एक टोपली भट्टीवर जायची. घरी कोणी गाळायची नाही, विकायची तर नाहीच नाही. बाळ जन्मलं, लग्न ठरलं, भांडण मिटलं, माणूस गेलं, की भट्टी पेटायची आणि सगळे एकत्र बसून प्यायचे. सरकारचं म्हणणं, प्यायची तर ठेक्यावरची प्या. पण अबकारीचा शिपाई एवढं चढून यायचा कंटाळा करी, आणि आलाच तर त्यालाही तहान लागे. भट्टीची मडकी माझी. दर होळीच्या आधी गाढवांवर लादून मी ती पोचवायचो.

भट्टी सांभाळायची नानीबाई. हडकुळी, तोंडानं फटकळ. मडकं बोटानं वाजवून म्हणायची, "भाऊ, हाई कच्चं शे. तुना घर ली जाय." मला राग यायचा, पण मडकं खरंच कच्चं असायचं.

तिचं खरं काम निराळं होतं. नाल्याकाठी एक काळा दगड होता. भट्टीची पहिली धार जित्या माणसानं प्यायची नाही. ती वाटीत धरून त्या दगडाशी मातीत ओतायची, गावच्या एकेका मेलेल्याचं नाव घेऊन. ही सगळी नावं नानीबाईला पाठ. नियम असा, की एकदा तिथं नाव घेतलं की ते माणूस दगडापलीकडचं. त्याचं शेत वाटलं जायचं, त्याची बायको दुसऱ्या घरी नांदायला जायची. असं माणूस पुढं चालत परत आलं तरी गावानं त्याला वाटी द्यायची नाही, हाक मारायची नाही, बोलायचं नाही. मेलेल्याशी बोलायचं नसतं.

नानीबाईचा एकुलता एक पोरगा उखा. मोठ्या लढाईत मजूर नेत होते, त्यांच्याबरोबर तो समुद्रापार बसऱ्याला गेला. घरात त्याची तरणी बायको, बिजलीबाई. दोन वर्षं झाली, चिठ्ठी नाही की निरोप नाही. मधेच मानमोडीची साथ आली आणि निंबझिरीतली बावीस माणसं घेऊन गेली, त्यात नानीबाईचा नवराही होता. तिनं एकेकाचं नाव घेऊन धार ओतली, नवऱ्याचंही नाव घेतलं. उखाचं घेतलं नाही.

त्या पुढच्या होळीला मला सांगावा आला: तुझी मडकी फुटकी, भट्टीतून दारू उतरत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी. मी तणतणत भर दुपारी तिथं पोचलो.

जाळ चांगला होता. मडक्यात आंबलेल्या मोहाचा सडवा खदखदत होता, ते कानानं ऐकू येत होतं. मी मडकं तपासलं, मातीचा लेप तपासला, वाफ नेणारी बांबूची नळी तपासली. नळी हाताला चटका देत होती. आणि नाल्याच्या गार पाण्यात ठेवलेलं खालचं मडकं कोरडं ठणठणीत. नळीच्या तोंडाशी हात धरला, तर वाफेची फुंकरही नाही. तीन दिवस असंच चाललं होतं म्हणे. दोन लग्नं अडून राहिली होती.

मग वास आला. पहिल्या धारेचा, नाकात चढणारा. वास धरून मी दगडाशी गेलो. तिथली माती ओली होती. तीन दिवसांत तिथं कोणी थेंब ओतला नव्हता. मी बोट लावून चाखलं. पहिली धारच होती ती.

गावचा कारभारी म्हातारा तेरसिंग मागं उभा होता. तो माझ्याशी नाही, नानीबाईशी बोलला. "कोनी तरी पी राह्यना, नानी. त्याले तहान लागेल शे. त्यानं नाव तू ली टाक, म्हणजे भट्टी सुटी."

कोणाचं नाव, हे सगळ्यांना कळत होतं. ते घेतलं की बिजलीबाईनं दुसऱ्या घरी जायचं.

"मना पोऱ्या जित्ता शे," नानीबाई म्हणाली. "जित्ता माणूसनं नाव मी लेनार नही."

"मग गाव काय करी? धार नही ते नाल्यानं पानी ओत, पन नाव ले."

नानीबाईनं बिजलीबाईकडं पाहिलं. मग उठली, वाटीत पाणी घेतलं आणि दगडाशी बसून नावं घेऊ लागली. सासऱ्याचं, आजेसासऱ्याचं, साथीत गेलेल्या बावीस जणांचं. शेवटच्या नावापाशी थांबली. मला वाटलं, आता उखा.

"नानीबाई," ती म्हणाली, आणि उरलेलं पाणी मातीत ओतलं.

ती उठायच्या आत मागं मडक्यात टपटप सुरू झाली.  तेरसिंगनं मान खाली घातली आणि तिच्याकडं पाठ फिरवली, मग एकेकानं फिरवली. बिजलीबाईनं सगळ्यात शेवटी फिरवली, ती हमसून रडत होती. मलाही रडू आलं, लपवत नाही. लेकाच्या जागी स्वतःच्या हातानं स्वतःला मारलेलं माणूस मी आधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर नानीबाई दगडापलीकडं छपरी घालून राहिली. भट्टी तीच चालवायची. लोक मोहाच्या टोपल्या ठेवून मुकाट जायचे, बिजलीबाई रोज भाकर ठेवून जायची. नावं आता तेरसिंग घ्यायचा, आणि तिचं नाव घेऊन तिच्यासमोरच धार ओतायचा. मी त्या गावचा नव्हतो, म्हणून ती फक्त माझ्याशी बोलायची. वर्षातून एक दिवस.

दोन वर्षांनी होळीच्या दिवशी मी तिथंच होतो, आणि उखा आला. सरकारी खाकी कोट, गालफडं बसलेली. गाव धावलं. बिजलीबाईनं त्याच्या पायांवर पाणी घातलं. तेरसिंगनं वाटी भरून त्याच्या हातात दिली. त्याचं शेत, घर, बायको, सगळं जागच्या जागी होतं. तो सांगत होता: बसऱ्याला दोन वर्षांमागच्या होळीच्या सुमाराला तापानं पडलो, मेला समजून मेलेल्यांत नेऊन ठेवलं, तीन दिवस कोणी पाणी दिलं नाही. "पन तोंडमा मोहानी चव ये," तो म्हणाला. "त्यावर जगनू."

मग त्यानं विचारलं, माय कुठं शे.

 तेरसिंगनं त्याला दगडाशी नेलं आणि पहिल्या धारेची वाटी हातात दिली. आईची धार लेकानंच ओतायची असते. नानीबाई पलीकडं, चार हातांवर बसली होती. उखानं तिच्याकडं पाहिलं, तेरसिंगकडं पाहिलं, आणि त्याला कळलं. तो गावचाच पोर. त्यानं तिचं नाव घेतलं आणि वाटी मातीत रिती केली.

नानीबाईनं धार प्यायल्यासारखं पदरानं तोंड पुसलं.

मग माझ्याकडं वळून म्हणाली, "उखर्डूभाऊ, त्याले सांग, भलता वाळी ग्या. दोन घास जास्ती खाय म्हना."

मी उखाकडं वळलो आणि सांगितलं. पुढं एकोणीस वर्षं, दर होळीला, त्या मायलेकांचं बोलणं मीच इकडून तिकडं नेलं.