दम्याचा रकाना

कस्तुराबाईला दमा जडला तो औरंगाबादला. नवरा बन्सीधर चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात लेथवर काम करी. त्याच्या कामगार विम्याच्या कार्डावर तिला गोळ्या मिळत, फार झालं तर विम्याच्या दवाखान्यात भरतीही होता येई. आठ वर्षं असंच चाललं होतं.

१९८८ साली गावाकडे, परभणीजवळच्या झरीला, सासऱ्याला अर्धांगाचा झटका आला. बन्सीधर एकुलता एक. त्यानं राजीनामा दिला आणि सगळे गावी आले. पुढच्या काही महिन्यांत कार्ड बंद झालं. त्याच हिवाळ्यात तुरीच्या खळ्यावर धूळ उडाली आणि कस्तुराबाईचा श्वास अडकला. परभणीच्या खाजगी दवाखान्यात तीन दिवस काढून ती घरी आली, तेव्हा म्हणाली, "त्या कार्डावाणी इथं कायतरी मिळतंय का, इचारा तरी."

बन्सीधरनं परभणीत चार ठिकाणी विचारलं. नोकरी नाही तर कामगार विमा नाही, हे सगळ्यांनी सांगितलं. बँकेतल्या एका कारकुनानं मेडिक्लेमचं नाव काढलं आणि पोखर्णीच्या दिनकररावांचा पत्ता दिला. दिनकरराव मास्तरकी सोडून विम्याचं काम करत.

ते झरीला आले, ओसरीवर बसून अर्ज भरू लागले. आधीच्या आजाराच्या रकान्याशी त्यांनी पेन थांबवलं.

"इथं दमा लिहिला तर दम्याचा खर्च मिळणार नाही," ते म्हणाले. "न लिहिला तर... बघा तुमीच. बरेच जण लिहीत नाहीत."

"मंग लिहू नका," बन्सीधर म्हणाला.

आतून कस्तुराबाई बाहेर आली. "मी बोलले तर छातीत शिट्टी वाजायलीय, अन् न्हाई म्हणून कसं लिवता? डाक्टर पहिलं तेच इचारतो, किती वर्सं झाले. त्याच्या कागदावर एक अन् तुमच्या कागदावर एक. मंग पैसे कोण देतंय?"

"वहिनी, ज्याच्यासाठी घेताय तेच वगळलं जाईल."

"वगळू द्या. बाकीचं आंग हायच की."

दिनकररावांनी दमा लिहिला. बन्सीधरला ते पटलं नाही. हप्ता मात्र त्यानं भरला.

दम्याची सोय कस्तुराबाईनं स्वतःच लावली. दर मंगळवारी पहिल्या एसटीनं परभणीच्या सरकारी दवाखान्यात जायचं, केसपेपर काढायचा, पेडगावहून येणाऱ्या बायकांसोबत रांगेत बसायचं आणि गोळ्या घेऊन दुपारपर्यंत परतायचं. खळ्याचं काम तिनं सोडलं. ते बन्सीधरकडे आलं.

१९९० च्या श्रावणात तिच्या पोटात कळ उठली. दुसऱ्या दिवशी तिला उभं राहता येईना. अपेंडिक्स फुटलं होतं. पंधरा खाटांहून लहान दवाखाना विम्याला चालत नाही, हे दिनकररावांनी आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून बन्सीधरनं तिला स्टेशनजवळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. भूल देण्याआधी डॉक्टरांनी विचारलं आणि कागदावर लिहिलं: दमा, दहा वर्षं.

बिलं पाठवल्यावर कंपनीचं पत्र आलं. हा आजार अर्जात दाखवला होता का? दिनकररावांनी अर्जाची नक्कल जोडून उत्तर दिलं. पाच महिन्यांनी चेक आला. ऑपरेशनचा बहुतेक खर्च त्यात होता. ऑपरेशनच्या वेळी दिलेल्या दम्याच्या सुयांचा तेवढा कापला होता.

बन्सीधरनं पत्र दोनदा वाचलं. "आपण न्हाई लिवलं असतं तर सगळंच गेलं असतं," तो म्हणाला.

"मला काय म्हायती होतं पोट दुखंल म्हणून?" कस्तुराबाई म्हणाली. "मला खोटं बोलायला दम पुरत न्हाई, एवढंच."

बन्सीधरनं मग वडिलांसाठीही विचारून पाहिलं. त्यांचं वय बसत नव्हतं. म्हातारा पुढं दोन वर्षं अंथरुणावर जगला, आणि त्याला उठवणं-बसवणं, भरवणं कस्तुराबाईनंच केलं, मधेमधे भिंतीला टेकून श्वास घेत.