गोणपाटाखालची शेगडी

आईने दिलेल्या तांब्यातल्या पाण्याने त्याने बूट धुतले.

तांब्यासोबत वाटीत गूळ होता. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात, मग कोण, कुठला ते विचारतात. रिसॉर्टच्या त्या पाहुण्याला हे माहीत नसावं. त्याने तांब्या घेतला, पायरीवर एक पाय टेकवला आणि बुटाला लागलेलं शेण धुवून काढलं. मग दुसरा बूट. रिकामा तांब्या आईच्या हातात परत दिला. "थँक यू, मावशी," म्हणाला आणि बूट न काढताच ओटीवर चढला.

मे महिना होता. ते पाणी आईने सकाळी वरच्या झऱ्यावरून डोक्यावर आणलं होतं. खाली रिसॉर्टच्या स्विमिंग पुलात पाहुण्यांची मुलं डुंबत होती.

मी ओटीच्या कोपऱ्यात उभी होते. अंगावर रिसॉर्टचा गणवेश. हातात पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्यांची टोपली. ते माझं घर होतं. ती माझी आई होती. हे पाहुण्यांना कळता कामा नये, असं मॅनेजरने मला बजावलं होतं.

आमचं गाव पोलादपूरहून महाबळेश्वरला जाणाऱ्या घाटरस्त्याच्या अंगाला आहे. रिसॉर्ट आलं तेव्हा गावाने डोंगराकडची वरकस, नाचणी-वरीची जमीन दिली ती एका वाक्यावर: स्थानिक तरुणांना रोजगार. फाटकाजवळच्या पाटीवरही ते वाक्य रंगवलं होतं. रोजगार मिळाला. मुलगे बागेत, फाटकावर, मोरीत भांडी घासायला. मुली खोल्या झाडायला. काउंटरमागे पुण्या-मुंबईची मुलं.

मी महाडच्या कॉलेजातून बी.ए. झाले होते. मुलाखतीत मॅनेजर म्हणाला, "शिक्षण ठीक आहे. बोलणं गावठी आहे. आधी हाउसकीपिंगला लाग, मग काउंटरचं बघू." त्या 'मग'वर मी चादरी बदलत राहिले.

पगारातून घरात पहिली वस्तू आणली ती गॅसची शेगडी. आईला दमा. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या नंतर, आधी धूर बंद करा. शेगडी पहिल्यांदा पेटवली तेव्हा वडील दारात उभे राहून म्हणाले, "सांभाळून गो. घर जाळून न्यायची ही एक दिवस."

"तुमच्या बिडीनं नाय नेलं, हिनं काय न्यायचं?" आई म्हणाली.

चूल थंड झाली. आईचा खोकला कमी झाला. ती पाट टाकून शेगडीसमोर बसायची आणि चहा उकळताना उगाच ज्योत लहान-मोठी करून बघायची.

मग रिसॉर्टने 'गावदर्शन' काढलं. शनिवार-रविवारी पाहुण्यांना कोकणातलं खरं घर दाखवायचं. आमचं घर निवडलं, कारण भिंती मातीच्या, कौलं जुनी आणि रिसॉर्टपासून चालत जवळ. मॅनेजर मला म्हणाला, "घरच्यांना समजावून सांग. नीट पार पडलं तर जूनपासून तू काउंटरवर." मी घरी सांगितलं. आई लगेच हो म्हणाली. तिला पाहुण्यांचं काही पडलेलं नव्हतं. तिला मी काउंटरमागे उभी दिसत होते.

आदल्या दिवशी मॅनेजर घर तपासायला आला. टीव्ही दिसला. त्यावर गोधडी टाकायला लावली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मागच्या पडवीत गेल्या. भिंतीवरचं घड्याळ उतरलं. शेगडीवर त्याने स्वतः गोणपाट पसरलं आणि वर सुपं रचली. रिसॉर्टच्या जीपमधून एक जातं उतरलं. महाडच्या बाजारातून विकत आणलेलं.

"ह्यावर दळायचं?" आईने विचारलं. "गिरण हाय की पोलादपुराला."

"दळायचं नाही मावशी. नुसतं फिरवायचं."

पावणे येणार म्हणून आईने ठेवणीतली साडी काढून ठेवली होती. "ती नको," तो म्हणाला. "रोजचीच नेसा. जरा विटलेली असेल तर उत्तम." वडिलांना त्याने खांद्यावर घोंगडी घेऊन बसायला सांगितलं.

"मे महिन्यात घोंगडी?" वडील म्हणाले.

तो हसला. मग चुलीकडे वळला. "ही उद्या पेटती हवी. ओली लाकडं लावा. कौलाच्या फटीतून ऊन येतं ना, त्यात धूर सुंदर दिसतो. फोटो छान येतात."

"सर, आईला दमा आहे."

"अर्ध्या तासाचा प्रश्न आहे," तो म्हणाला. "आणि जून जवळ आलाय."

तर बूट धुणारा माणूस ओटीवर चढला आणि त्याच्यामागून सगळेच. वडील घोंगडीत घाम पुसत बसले होते. त्यांचा फोटो निघाला. पुढे सगळे आत, चुलीपाशी गेले. आमच्याकडे घरचा माणूसही चुलीपाशी चपला घालून जात नाही. आईने पहाटे सारवलेल्या जमिनीवर बुटांचे ओले ठसे उमटत गेले. वडिलांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. माझ्या गणवेशाकडे बघितलं. मिटलं.

आई चूल फुंकत होती. ओलं लाकूड पेट घेत नव्हतं.

"मावशी, पुन्हा एकदा फुंका ना," एक बाई कॅमेरा डोळ्याला लावून म्हणाली. "मघाशी मी रेडी नव्हते."

आईने पुन्हा फुंकलं. खोकल्याची उबळ आली. छाती शिट्टीसारखी वाजू लागली. "धूर मस्त आलाय," कुणीतरी म्हणालं.

त्या बाईने कॅमेरा खाली घेतला आणि मला विचारलं, "यांना मुलं नाहीत का? या वयात एकट्याच करतात सगळं?"

माझ्या आधी पाहुण्यांबरोबर आलेला मॅनेजर बोलला. "एक मुलगा आहे. मुंबईला असतो, मजुरीला."

माझ्या आईला मुलगा नाही. मीच एक आहे. तिच्यापासून हातभर अंतरावर, टोपली धरून उभी.

आईने फुंकणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. डोळ्यांतून पाणी गळत होतं, धुराचं. तिने पुन्हा फुंकणी उचलली. मला कळलं, मी थांबवलं नाही तर ही अशीच फुंकत राहील. छाती फुटेपर्यंत. माझ्या काउंटरसाठी.

मी टोपलीतली एक बाटली काढली, झाकण फिरवलं आणि सगळं पाणी चुलीत ओतलं. राख उसळली. पाहुणे मागे सरले. मी सुपं उतरवली. गोणपाट ओढून बाजूला टाकलं. बटण फिरवून काडी लावली.

मी म्हणाले, "ही माझी आई. हे माझं घर. मुंबईला कुणी मुलगा नाय. धुरानं हिचा जीव जातो म्हणून हा गॅस मी आणला. तो तुम्हाला दिसू नये म्हणून झाकला होता. चहा टाकते. प्यायचा असेल तर बूट बाहेर काढून या."

कुणी बूट काढले नाहीत. ज्याने तांब्या घेतला होता तो मॅनेजरकडे वळला. "म्हणजे हे ओरिजिनल नाहीये?"

"सॉरी सर," मॅनेजर म्हणाला. "दुसरं घर आहे." मग मला, आवाज न चढवता: "गणवेश धुवून आणून दे."

काउंटर गेलं. खोल्याही गेल्या. संध्याकाळी सरपंच ओटीवर येऊन बसले. आईने त्यांना गूळ-पाणी दिलं. ते पिऊन ते म्हणाले, "तुझ्या एकटीचं नव्हतं ते. गावच्या सगळ्या पोरांच्या पोटावर पाय दिलास." ते गेल्यावर आई म्हणाली, "चुलीत पाणी नाय वतायचं गो. वाईट असतं." थोड्या वेळाने म्हणाली, "आन् सिलिंडर संपल्यावर?"

पुढच्या शनिवारी जातं वरच्या आळीतल्या घरी गेलं. त्या घरची मुलगी माझ्याबरोबर खोल्या झाडायची. तिच्याही घरी गॅस होता. तोही झाकला गेला. मी तिला दोष देत नाही. पाहुण्यांना आमची गरिबी बघायची होती. ती आमच्याकडे पुरेशी उरली नव्हती, म्हणून बाजारातून विकत आणून जीपमधून उतरवली. आणि आमच्या मेहनतीने घरात जे आलं होतं, त्यावर गोणपाट टाकलं. याला ते रोजगार म्हणतात.

मी आता बिरवाडीत खोली घेऊन राहते. औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला लागले आहे, ठेकेदाराकडे. तिथेही सुख नाही. पण सिलिंडर येतो.

रिसॉर्टला आता दुसरी इमारत बांधायची आहे. त्यासाठी गावाची संमती लागते. पुढच्या महिन्यात ग्रामसभा आहे. सरपंचांनी घरोघरी निरोप दिलाय, विषय आला की हात वर करा. मी रजा टाकून जाणार आहे. सगळ्यांत पुढे बसणार आहे. मॅनेजर समोर असेल, त्यालाच विचारणार आहे, काउंटरमागे आमच्या गावचं कोण उभं आहे? नाव सांगा. नाव सांगता येईपर्यंत माझा हात वर जाणार नाही, आणि शेजारचा हात वर जाताना दिसला तर मी उठून पुन्हा विचारेन. सभा उधळली तरी विचारेन.

आई सोबत येणार आहे. तिला मी सांगून ठेवलंय, ठेवणीतली साडी नेस.