उसाच्या कडेची मीटिंग

डिंभे धरणाच्या कालव्याचं पाणी शिवारात आलं तसा आमच्याकडे ऊस वाढला आणि उसात बिबट्या राहायला आला. आम्ही त्याला वाघच म्हणतो. त्याचा शेजार आमच्या अंगवळणी पडला होता. पण घरावर दोन खोल्या बांधून, इंटरनेट घेऊन, 'इथं राहा आणि इथूनच कंपनीचं काम करा' अशी जाहिरात केली, तेव्हा पाहुण्यांना हे सांगायचं कसं, असा प्रश्न पडला.

पहिली आली ती पुण्याची एक मुलगी. आठवड्यासाठी म्हणून आली आणि रमलीच. मला काकू म्हणायची, सकाळचा चहा गोठ्यात येऊन प्यायची. तिला मी आल्या दिवशीच बजावलं होतं, "ऊन कललं की उसाकडं जायचं न्हाई." ती हसून "नाही जाणार" म्हणाली होती.

त्या दिवशी दुपारपासून लाइट नव्हती. इन्व्हर्टर बसला, इंटरनेट गेलं. तिची परदेशातल्या साहेबांबरोबर मीटिंग होती आणि घरात मोबाइलला रेंज धड मिळत नव्हती. नवरा आणे गावाला त्याच्या बहिणीकडे गेलेला. मी धार काढत होते. ती कधी बाहेर पडली, कळलंच नाही.

कुत्रं वेड्यासारखं भुंकायला लागलं म्हणून मी बाहेर आले. विहिरीजवळच्या दगडावर ती बसली होती. मांडीवर लॅपटॉप, कानांवर हेडफोन, पाठ उसाकडे. आणि तिच्या मागं, उसाच्या कडेला, तो दबा धरून बसलेला. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

"उठ! उभी राहा!" मी ओरडले. तिला ऐकूच जाईना. बसलेलं, वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी फोन लावला. तिनं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला.

धावत सुटावंसं वाटत होतं, पण त्याच्यासमोर पळायचं नसतं. मी घमेलं उचललं आणि विळ्यानं बडवत बांधावरून चालू लागले. तिला मी दिसले. तिनं स्क्रीनवरची नजर न काढता तळहात पुढं केला. थांबा, मीटिंग चालू आहे.

"अगं बाई, मागं वाघ हाय!"

जवळ जाऊन मी तिला दंडाला धरून ओढून उभी केली. हेडफोनची वायर निसटून लॅपटॉप गवतात पडला. तिनं मागं पाहिलं आणि तिची बोटं माझ्या हातात रुतली. तोही उठला. आमच्याकडे बघत राहिला. मी घमेलं बडवत होते, त्याचा कान तेवढा हलला. मग वळला आणि उसात शिरला. पाती हलायची थांबेपर्यंत आम्ही जागच्या हललो नाही. खाली गवतात कुणीतरी इंग्रजीत तिचं नाव घेऊन हाका मारत होतं.

घरी आल्यावर तिनं आधी दाराला कडी घातली. मग रडली. "काकू, मी तुम्हालाच थांबवत होते."

"असू दे गं. च्या घे."

बातमी कळून शेजारचे भाऊजी आले. आमचं बघून त्यांनीही खोल्यांचं काम काढलं होतं. ओट्यावर बसत दबक्या आवाजात म्हणाले, "वैनी, झालं ते झालं. पन बाहेर बोलू नका. बोभाटा झाला तर पावणं यायचं न्हाईत."

ती दारात उभी राहून ऐकत होती.

"भाऊजी, तुमची लेक असती तिथं तर?" मी विचारलं.

ते चहा न घेताच उठले.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ गाडी घेऊन आला. निघताना मला मिठी मारून "परत येईन" म्हणाली, पण अजून आलेली नाही. वनखात्यानं पिंजरा लावला, त्यात काही सापडलं नाही. भाऊजींच्या खोल्या रंगवून तयार आहेत. ते माझ्याशी बोलत नाहीत.

आता खोलीसाठी फोन आला की मी सगळ्यात आधी वाघाचं सांगते. बरेच जण तिथंच फोन ठेवतात. परवा मुंबईहून एकाचा आला. त्यालाही सांगितलं. मग त्यानं बायकोला हाक मारली, फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाला, "आता परत एकदा सांगा."