तेविसाव्या प्रश्नाचं उत्तर

तीसपैकी तीस. मी उत्तरतक्ता बाजूला ठेवला आणि समोरच्या मुलीकडे पाहिलं. ती आधीपासूनच माझ्याकडे बघत होती.

सानवी आठ वर्षांची, तिसरीत. दोन वेण्या, हात मांडीवर, आवाज नाही. शाळेत बावीस वर्षं समुपदेशक म्हणून काढल्यावर मी कोथरूडमधल्या एका ब्रेन ट्रेनिंग क्लासमध्ये चाचण्या घ्यायला लागले होते. मुलांचे मेंदू तल्लख करून देणाऱ्या क्लासेसना आमच्याकडे तोटा नाही. त्यातल्या त्यात हा बरा होता, म्हणजे निदान पंखे चालू असायचे.

चाचणी साधी असते. पानावर एक मोठी नक्षी, तिचा एक तुकडा गायब. खाली सहा तुकडे, त्यांना क्रमांक. योग्य तुकड्यावर मुलाने बोट ठेवायचं. वाचता यायची गरज नाही, फक्त विचार हवा. समोर मी, हातात उत्तरतक्ता. आमचा जुना तक्ता फाटला होता, म्हणून त्या सकाळी मी स्वतःच नवीन टाइप केला होता.

क्लासचे मालक गोखले सर खूश झाले. पुढच्या महिन्यात पालकांसमोर कार्यक्रम होता, त्यात सानवीला स्टेजवर बसवायचं आणि बाहेरच्या फ्लेक्सवर तिचा फोटो लावायचा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सानवीची आई बँकेत नोकरी करते. तिचे डोळे भरून आले. दोन वर्षं ती रोज पहाटे साडेपाचला लेकीला उठवून फ्लॅश कार्ड घेत होती. संध्याकाळी पुन्हा दोन तास. आईच्या हातात कार्ड, मुलगी समोर, एक दिवसही खंड नाही.

दुपारी फाइल पूर्ण करताना मी मूळ पुस्तिका काढली. सवयच आहे, टाइप केलेल्यावर माझा विश्वास नसतो. तेविसाव्या प्रश्नाशी थांबले. बरोबर उत्तर दोन होतं. मी टाइप केलं होतं पाच.

सानवीनेही पाचवर बोट ठेवलं होतं.

मी पान उलटसुलट करून पाहिलं. पाच नंबरचा तुकडा त्या नक्षीत कुठूनच बसत नव्हता. बाकीचे एकोणतीस अवघड प्रश्न सोडवणाऱ्या मुलीने तो निवडावा, याला काही कारण नव्हतं. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला, हे कबूल करते.

गोखले सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग एकोणतीस. फ्लेक्सवर तेही चालेल."

"सर, चूक माझी होती. तीच तिने केली."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मॅडम, आपण जेवलात का?"

मी जेवले होते. आमच्या रिसेप्शनवरच्या शबानाला मी चाचणीच्या दुसऱ्या पुस्तिकेचा तक्ता करायला सांगितला. त्यात तिने पाच उत्तरं मुद्दाम बदलायची, पण कुठली ते मला कळू द्यायचं नाही. मीही प्रश्न आधी पाहायचे नाहीत.

दोन दिवसांनी सानवी परत समोर बसली. शबाना कोपऱ्यातून मोबाइलवर चित्रीकरण करत होती. या वेळी मी नीट लक्ष दिलं. मुलगी पानाकडे बघतच नव्हती. बोट एकापासून सहापर्यंत सावकाश सरकायचं, परत फिरायचं आणि मध्येच थांबायचं. डोळे माझ्यावर. पापण्या क्वचित हलत. मी पुढे झुकले, ती झुकली. दहाव्या प्रश्नापर्यंत आमचे श्वास एका लयीत चालले होते. आम्ही दोघी समोरासमोर असून एकाच माणसाचा श्वास ऐकू येत होता.

शबानाने बदललेली पाचही चुकीची उत्तरं तिने जशीच्या तशी दिली.

चित्रीकरण आवाज बंद करून पाहिलं, तेव्हा कळलं. बोट तक्त्यातल्या तुकड्यावर आलं की माझा श्वास अडकतो आणि पेनाचं टोक कागदाला टेकतं. प्रत्येक वेळी. मला आयुष्यात कोणी हे सांगितलं नव्हतं.

मग आणखी दहा पानं मी तिला सोडवायला दिली आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून बसले. तिने उत्तराचा क्रमांक मोठ्याने सांगायचा, एवढंच. मागून फक्त कागदावर बोट फिरल्याचा आवाज येत होता. फिरत होतं, फिरत होतं, थांबत नव्हतं. बराच वेळ गेला. मग अगदी हळू आवाज आला.

"मॅडम, तुम्ही तिकडे बघताय ना, म्हणून यात काहीच दिसत नाहीये."

मला भीती वाटली, आणि त्या भीतीच्या मागोमाग रडू आलं. या मुलीने दोन वर्षं कार्डं पाहिलीच नव्हती. कार्डाच्या वर जो आईचा चेहरा होता, तो पाठ केला होता. स्वतः विचार करायची वेळच तिच्यावर आली नव्हती. पुढे पाचवीत स्कॉलरशिपच्या परीक्षेला समोर आई नसते, मीही नसते. तिथे ती कोऱ्या नजरेने बसली असती आणि सगळ्यांनी तिलाच आळशी म्हटलं असतं.

आईला सांगणं सर्वांत कठीण गेलं. तिने विचारलं, "अहो, पण मी तर काहीच सांगत नव्हते तिला."

"मीही नव्हते सांगत," मी म्हणाले.

फ्लेक्स रद्द झाला. गोखले सर आठवडाभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. घरी फ्लॅश कार्डं माळ्यावर गेली. नऊला झोप, सकाळी पोटभर नाश्ता, संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात खेळ, आणि अभ्यासाला बसली की समोर कोणी बसायचं नाही. आमच्याकडे दर शनिवारी ती शेजारच्या खोलीत एकटी चाचणी सोडवायची आणि उत्तरं पाकिटात घालून शबानाकडे द्यायची. पहिल्या शनिवारी तीसपैकी चार आले. आईचा चेहरा उतरला. मी मात्र त्या चारांवर खूश होते, कारण ते तिचे होते.

पाच महिन्यांनी मी जुनी पुस्तिका काढली आणि तेविसावा प्रश्न तिच्यासमोर ठेवला. तिने पानाकडे बघितलं. बघतच राहिली, ओठ चावत, मान वाकडी करून. माझ्याकडे एकदाही नाही. मग चारवर बोट ठेवलं.

"चार का?"

रेषा इकडून आली आणि टिंब एक घर पुढे सरकलं, असं तिने बोटाने काढून दाखवलं. टिंब खरं तर दोन घरं सरकत होतं. उत्तर चूक होतं, पण त्यामागे विचार होता, आणि मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खिडकीकडे गेले.

निघताना ती दारात थबकली. माझ्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं.

"चुकलंय, हो ना? पण सांगू नका. मी परत बघते."

ती परत येऊन पानासमोर बसली. मी शबानाजवळ जाऊन उभी राहिले, तिच्याकडे पाठ फिरवून.

उत्तरतक्ता आता शबानाच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि किल्ली तिच्याकडे. मुलांच्या चाचण्या घेणाऱ्या सर्वांना माझं एवढंच सांगणं आहे की, समोर बसायला उत्तर ठाऊक नसलेला माणूस निवडा. मिळायला फारसा त्रास होत नाही.