एक पेपर, दोन फोन

वर्तमानपत्र वाचणं हे दमणुकीचं काम आहे, हे मला पेपर मोबाइलवर घेतल्यावर कळलं.

बाबा बोरी अरबला एकटेच राहतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी छापील पेपरातली बारीक अक्षरं त्यांना दिसेनात. महिनाभर नुसते ओट्यावर बसून राहिले, कोणाशी धड बोलेनात. मग मी त्यांना फोन घेऊन दिला आणि त्यांच्याच नंबरावर पेपरची ऑनलाइन वर्गणी भरली. अक्षर बोटाएवढं मोठं होतं म्हटल्यावर माणूस पुन्हा बोलायला लागला.

इथवर ठीक होतं. पण तोच पासवर्ड मी मारेगावच्या ताईलाही दिला. ती शाळेत मुख्याध्यापिका, तिला रोज परिपाठात बातम्या वाचून दाखवायच्या असतात. शिवाय पेपर मी माझ्याही फोनवर उघडून ठेवला. एका वर्गणीवर एका वेळी दोनच फोन चालतात, ही अट खाली बारीक अक्षरात दिली होती. (मोतीबिंदू बाबांना होता, मला नव्हता.)

तिसऱ्यानं उघडला की पहिल्याचा बंद.

"मिलिंद, पेपर बंद पडला वाट्टे," बाबांचा फोन. "अर्धाच अग्रलेख वाचला होता म्या."

बाबांना जोडून दिलं की ताईचा फोन.

"अरे, पोरं रांगेत उभे हायेत न् माहा फोन पासवर्ड मागून राह्यला. काय वाचून दाखवू त्याइले, कालचं हवामान?"

मी वेळापत्रक करून दिलं. बाबा सातपर्यंत, मग ताई. मी नेरच्या बसस्थानकात कंट्रोलर आहे, वेळापत्रकं करणं हा माझा धंदा. पण बाबा म्हणाले, "अग्रलेख घाईनं वाचाची गोष्ट होय काय?" आणि ते आठपर्यंत वाचत राहिले. माझी वेळापत्रकं कोण पाळतं हे नेरच्या कुठल्याही प्रवाशाला विचारा.

एका सकाळी दारव्ह्याची गाडी पुकारून मी जरा टेकलो, तोच बाबांचा फोन आला.

"पुरंच गेलं. आता नंबर मागून राह्यला."

"तुमचाच नंबर टाका, बाबा."

"माहा नंबर मले कायले पाठ राहीन? मी काय मलेच फोन करतो?"

मी नंबर सांगितला. ऐकू गेला नाही. मोठ्यानं सांगितला. मग पासवर्ड, एकेक अक्षर सुटं करून, दोनदा. मान वर केली तर अख्खं बसस्थानक चिडीचूप. दारव्ह्याची गाडी पुकारल्यावर मी माईक बंदच केला नव्हता.

खिडकीशी एक म्हातारी आली. "साहेब, हे कोणती गाडी होय?"

दुपार व्हायच्या आत खातं बंद पडलं. 'असामान्य वापर' असा निरोप आला. मी पेपरच्या मदत केंद्राला फोन केला. तिथल्या मुलीनं शांतपणे विचारलं, "सर, तुम्ही खातेदाराचे कोण?"

"मुलगा."

"मग खातेदारांनाच बोलायला सांगा."

मी बाबांना माईकसकट सगळं सांगितलं, आणि गाड्या पुकारताना दुपारभर जीव टांगणीला. पेपर गेला तर हा माणूस पुन्हा ओट्यावर गप्प बसेल, एवढंच डोक्यात.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज खणखणीत.

"झालं काम. ज्याइनं ज्याइनं पेपर उघडला त्याइची यादीच वाचली त्या पोरीनं. मारेगावचा एक फोन, तो आपल्या ताईचा, ठेवला. बाकी नेरचे नऊ होते. काढले."

"नऊही? त्यात एक माझा होता, बाबा."

"नऊच्या नऊ. पासवर्डही बदलला."

"मग नवा मला सांगा ना."

"तुले नाही सांगत. तू माईकवर सांगतं."



आता बाबा सकाळी मला फोन लावून अख्खा अग्रलेख वाचून दाखवतात. सावकाश. ऐकतो आहेस ना, असं मधूनमधून विचारतात. वर्गणी मी भरलेली, तेव्हा फोन मधेच ठेवायचीही सोय नाही.